चांदी जागची न हलवता

एक ल्यांग चांदी म्हणजे साधारण 37 ग्रॅम. पेकिंगमध्ये दुकान थाटलेल्या एखाद्या व्यापाऱ्याने वर्षभरात दहा हजार ल्यांग गाठीला बांधले, तर वर्षाअखेरीस घरी न्यायला त्याच्यापुढे 370 किलो धातू असे. नावेच्या आकाराच्या, पन्नास-पन्नास ल्यांगांच्या लगडी. त्या पेट्यांत भरायच्या, पेट्या खेचरांच्या गाड्यांवर चढवायच्या, हत्यारबंद राखणदार पुरवणाऱ्या ‘बियाओजू’ला पैसे मोजायचे आणि डोंगरांतून नैर्ऋत्येला शान्शी प्रांताची वाट धरायची. वाटेत दरोडेखोर, जकातनाके आणि पावसाने खचलेले घाट. शिवाय तितकीच चांदी त्याच वेळी उलट्या दिशेनेही निघालेली असे, कारण शान्शीतल्या दुसऱ्या कुणाला तरी पेकिंगमध्ये माल घ्यायचा असे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेकिंगमधल्या एका रंगाच्या दुकानाने या ये-जा करणाऱ्या गाड्यांकडे पाहून एक साधा प्रश्न विचारला. दोन्ही गाड्या रस्त्यावर आणायच्याच कशाला?

हे दुकान होते शीयूछंग. त्याचे मालक पिंगयाओजवळच्या दापू गावचे ली घराणे. तांब्याला आणलेल्या गंजापासून बनणारा हिरवा रंग हा त्यांचा धंदा, आणि पेकिंग शाखेचा कारभार लेइ ल्यूताय नावाच्या मुनिमाकडे. पेकिंगमधले गाववाले त्याच्याकडे चांदी आणून देत. लेइ पिंगयाओच्या दुकानाला चिठ्ठी लिहून देई आणि गाववाल्याच्या घरच्यांना तिथे तेवढी चांदी मिळे. पहिल्या-पहिल्यांदा हे ओळखीपाळखीतले काम होते. मागणी वाढली तशी लेइने हुंडणावळ घ्यायला सुरुवात केली आणि त्याच्या लक्षात आले, की रंगापेक्षा या चिठ्ठीतच जास्त कस आहे. 1823च्या सुमारास ली मालकांनी रंगाचा धंदा मागे टाकला आणि पिंगयाओच्या पश्चिम पेठेत ‘रिशेंगछांग’ नावाची पेढी उघडली. चीनमधली ही पहिली ‘पियाओहाओ’, म्हणजे हुंड्यांचा व्यवहार हाच मुख्य धंदा असलेली पेढी.

हुंडी मराठी वाचकाला नवी नाही. पेशवाईतले सावकार पुण्याहून काशीला हुंडी करत आणि यात्रेकरू कमरेला मोहरा न बांधता निघत. पण आपल्याकडची हुंडी बहुधा एका सराफाने दुसऱ्या सराफावर काढलेली असे. एकमेकांची पत ओळखणाऱ्या अनेक पेढ्यांमधून ती फिरे. पिंगयाओने वेगळी रचना केली. हुंडी लिहिणारा आणि ती वटवणारा, दोघेही एकाच पेढीचे नोकर, एकाच गावचे, एकाच मुनिमाच्या हाताखालचे. ऐन भरात रिशेंगछांगच्या शाखा तीसहून अधिक शहरांत होत्या आणि त्या साऱ्यांचा हिशेब एका लहानशा तटबंद गावात येऊन मिळत होता.

हे गाव का? नकाशावर पिंगयाओत विशेष काही दिसत नाही. फेन नदीच्या खोऱ्यातले तालुक्याचे ठिकाण, भोवती 1370 साली मिंग राजवटीत बांधून काढलेला सुमारे सहा किलोमीटर घेराचा तट, पिवळट मातीची जमीन आणि बेभरवशाचा पाऊस. समुद्र दूर, मोठी जलवाटही नाही. पण जमीन पोटाला पुरत नसल्यामुळे इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली होती. मिंग काळात उत्तर सीमेवरच्या छावण्यांना धान्य पोचवायचे आणि त्याबदल्यात मीठ विकण्याचे परवाने मिळवायचे, हा धंदा शान्शीकरांनी केला. 1727 साली रशियाशी क्याख्ताचा तह झाल्यावर फूच्येनमधल्या वूयी डोंगरांतला चहा उंटांवरून गोबी ओलांडून रशियाच्या सीमेपर्यंत नेण्याचा व्यापारही त्यांच्याच हाती आला. दक्षिणेच्या टोकाला खरेदी आणि उत्तरेच्या टोकाला विक्री. अशा व्यापाऱ्याला पैसा दूरवर पाठवण्याची गरज रोजचीच. पिंगयाओच्या पेढ्यांना गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागले नाही. ते आधीपासून वाटेवर होते.

लेइ ल्यूतायची गोष्ट पिंगयाओत अजून चवीने सांगितली जाते. तो आजारी पडला असताना त्याच्या हाताखालच्या माओ होंगहुइने मालकाला सुचवले, की लेइसाहेबांना घरी जाऊन विश्रांती घेऊ द्यावी. मालकाने तसे सांगितले. लेइ घरी गेला आणि त्याने सगळ्या शाखांना पत्रे लिहायला घेतली: कारभार आवरा आणि परत या. मालक हादरला. लेइचे म्हणणे असे, की पेढी तुमची, पण शाखा मी उभ्या केल्या आहेत. त्या नीट आवरून तुमच्या हवाली करतो. मालकाने गुडघे टेकून विनवणी केल्यावर तो परतला. माओने पेढी सोडली आणि 1826च्या सुमारास शेजारच्या च्येश्यू तालुक्यातल्या होउ घराण्याच्या कापडाच्या दुकानाची ‘वेइतायहौ’ नावाची पेढी करून टाकली. पुढे लेइने आपल्या मुलाला माओचे नाव दिले आणि माओने आपल्या नातवाला लेइचे, म्हणजे घरात रोज वैऱ्याच्या नावाने हाक मारून रागावता यावे, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, या भांडणाने गावाचे भले केले. एकाच पेठेत दोन तुल्यबळ पेढ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या पाठोपाठ इतर आल्या, आणि शतक सरता सरता एकट्या पिंगयाओत वीसहून अधिक झाल्या. शेजारच्या छी आणि तायगू तालुक्यांनीही आपापल्या पेढ्या काढल्या. चीनच्या परगावी पाठवायच्या पैशाचा मोठा हिस्सा या तीन तालुक्यांतल्या माणसांच्या हातून जाऊ लागला.

एक हुंडी जवळून पाहू.

गिऱ्हाईक हानखौच्या शाखेत चांदी घेऊन येतो. पहिला प्रश्न वजनाचा. चीनमध्ये ल्यांग एकच नव्हता; शहरागणिक आणि धंद्यागणिक तराजू वेगळा. सरकारी खजिन्याचा ल्यांग एक, धान्यवाहतुकीचा दुसरा, परदेशी मालाच्या जकातीचा तिसरा. चांदीची शुद्धताही गावोगाव निराळी. म्हणून प्रत्येक पेढीने स्वतःचे असे एक वजन ठरवून घेतले होते. येणारी चांदी आधी त्या वजनात बदलायची आणि ज्या गावी द्यायची तिथल्या वजनात पुन्हा फिरवायची. ही कोष्टके उमेदवारांकडून पद्यात पाठ करून घेत. या अदलाबदलीत पेढीला कणभर कणभर जे सुटे, ते हुंडणावळीइतकेच महत्त्वाचे होते.

मग कागद. कोरे हुंडीपत्र पिंगयाओच्या मुख्य पेढीतच छापले जाई आणि शाखांना मोजून पाठवले जाई. कागद उजेडाकडे धरला की आत पेढीचे नाव दिसे. प्रत्येक शाखेत हुंडी लिहिणारा माणूस ठरलेला, आणि त्याच्या अक्षराचा नमुना बाकी सगळ्या शाखांकडे आधीच गेलेला. लिहिणारा बदलला तर नवा नमुना रवाना होई. हुंडी वटली की ती फाडून नष्ट करायची. जपलेल्या पियाओहाओ हुंड्या आज इतक्या कमी का आहेत, याचे हे एक कारण.

शेवटी सांकेतिक खूण. कागद खरा आणि अक्षरही हुबेहूब, तरी रक्कम बदललेली असू शकते. यावर पेढ्यांनी केलेला उपाय त्यांच्या शिक्षणातूनच आला होता. बारा महिन्यांसाठी बारा अक्षरांचे एक वाक्य, तीस तिथींसाठी तीस अक्षरांचे एक पद्य, एक ते दहा आकड्यांसाठी दहा अक्षरांची एक ओळ, आणि दहा हजार, हजार, शंभर व ल्यांग यांसाठी चार अक्षरे. रिशेंगछांगच्या ज्या किल्ल्या आज माहीत आहेत, त्यांपैकी एकीत महिन्यांचे वाक्य खोट्या हुंड्यांपासून सावध राहा आणि लेखन व शिक्के नीट पाहा असे बजावते. तिथींच्या पद्यात दुसऱ्याला फसवणाऱ्याला शेवटी त्याचे फळ मिळतेच, असा उपदेश आहे. आकड्यांच्या ओळीत मात्र जुनी कथा येते. चाओ राज्याकडे असलेल्या एका जेडच्या चकतीसाठी छिनच्या राजाने पंधरा शहरे देऊ केली आणि चाओच्या दूताने ती चकती त्याच्या हातून सुखरूप परत आणली, अशी कथा सुमा छ्येनच्या इतिहासग्रंथात आहे. चाओ राज्याची सुरुवातीची राजधानी आजच्या तायय्वानजवळ, म्हणजे शान्शीतच होती. घरच्याच कथेने त्यांनी आपल्या चांदीचे आकडे मोजले.

आता चौथ्या महिन्याच्या दहाव्या तिथीला पाच हजार ल्यांगांची हुंडी निघाली, तर तिच्यावर चार अक्षरे पडत. महिन्याच्या वाक्यातले चौथे अक्षर ‘हुंडी’, तिथींच्या पद्यातले दहावे ‘सम’, आकड्यांच्या ओळीतले पाचवे ‘जेडची चकती’ आणि हजारासाठीचे ‘धन’. चोराच्या हाती पडले तर ते चार सुटे शब्द. दुसऱ्या टोकाच्या मुनिमाला महिना, तिथी आणि रक्कम एका नजरेत कळे. ही किल्ली काही काळाने बदलली जाई, आणि नवी पाठ करून जुनी विसरून जायची असे. लेखनविद्या आणि काव्य जिथे सरकारी परीक्षांसाठी घोकले जाई, त्या देशात एका धंद्याने त्यांना तिजोरीच्या कामाला लावले. साहित्याच्या इतिहासात अशा ओळींना जागा मिळत नाही. मिळायला हवी.

ही सगळी यंत्रणा माणसांवर उभी होती, आणि माणसे निवडताना पेढ्या कुठलीच जोखीम घेत नसत. उमेदवार स्थानिकच हवा, वयाने पंधरा ते वीस, ओळखीच्या घरचा आणि वजनदार जामीन देऊ शकणारा. त्याने काही गैर केले तर जामीनदार भरून देणार. पहिली तीन वर्षे उमेदवारी: पहाटे उठून झाडलोट, मुनिमाची उठबस, आणि रात्री दिव्याच्या उजेडात मण्यांची पाटी, सुलेखन आणि वजनांची पद्ये. त्यानंतर शाखेवर रवानगी. शाखेवरची पाळी साधारण तीन वर्षांची. बरोबर बायकोला न्यायचे नाही, तिथे लग्न करायचे नाही, अफू नाही, जुगार नाही, स्वतःचा धंदा नाही. घरी पाठवायची पत्रे मुख्य पेढीमार्फतच जात. तीन वर्षांनी माणूस गावी परतला तरी आधी पेढीत हजेरी लावायची, सामान तपासून घ्यायचे, मगच घरचा उंबरठा.

शान्शीकरांच्या प्रामाणिकपणाचे गोडवे आज खूप गायले जातात. ते प्रामाणिक होते यात शंका घ्यायचे कारण नाही. पण त्यांच्या पेढ्यांनी प्रामाणिकपणा नशिबावर सोडला नव्हता. नोकराचे घर, आईबाप आणि बायकोमुले पिंगयाओत, त्याचा जामीन पिंगयाओत, त्याची अब्रू पिंगयाओत. हजार मैलांवर पळून जाणाऱ्याला परतायला जागाच उरत नसे. हे विश्वासाचे गणित अत्यंत कसोशीने मांडलेले होते, आणि त्याची किंमत मुनिमांबरोबर घरी राहिलेल्या बायकांनीही भरली. छी आणि तायगूच्या गावांत यांगगे नावाची गाण्यांनी भरलेली लोकनाट्ये आहेत. त्यांत परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी स्त्री पुन्हा पुन्हा येते. पेढ्यांच्या वह्यांत तिचे नाव नाही. तिची नोंद आवाजातच राहिली. ज्या व्यापाऱ्यांनी तिला मागे ठेवले, त्यांच्याच पैशावर या तालुक्यांतल्या नाटकमंडळ्या पोसल्या गेल्या. खटखट वाजणाऱ्या लाकडी टाळांच्या तालावरचे शान्शीचे संगीतनाटक उत्तर चीनभर पसरले ते बरेचसे याच व्यापारी वाटांनी.

इतक्या कडक चाकरीच्या बदल्यात माणसाला काय मिळे? इथे पियाओहाओंची सर्वांत धाडसी कल्पना येते. पेढीच्या भांडवलात दोन तऱ्हेचे भाग असत. मालकांचे चांदीचे भाग, आणि नोकरांचे ‘अंगचे’ भाग, म्हणजे एक पैसाही न घालता केवळ कामाच्या जोरावर मिळणारे. नव्या माणसाला दहावा-पाचवा हिस्सा, वर्षानुवर्षे टिकून चांगले काम करणाऱ्याला वाढत वाढत पूर्ण एक भाग. दर तीन-चार वर्षांनी हिशेब बंद होई आणि नफा दोन्ही भागांवर सारखा वाटला जाई. तोटा झाला तर तो फक्त मालकाचा. मुनीम वारला तर त्याच्या घरच्यांना काही वर्षे त्याचा भाग मिळतच राही. मालक रोजच्या कारभारात हात घालत नसे. नेमलेल्या मुख्य मुनिमाच्या हाती सारे काही.

छी तालुक्यातल्या छ्याओ घराण्याच्या दादेतोंग पेढीच्या वह्या हे स्पष्ट दाखवतात. 1889च्या हिशेबात चांदीचे भाग 20 आणि अंगचे भाग 9.7. 1908च्या हिशेबात चांदीचे भाग 20च राहिले आणि अंगचे 23.95 झाले. म्हणजे पेढीच्या नफ्याचा मोठा वाटा आता मालकापेक्षा नोकरांकडे जात होता. आणि तरीही मालक खूश असणार, कारण दर भागावरचा नफा 850 ल्यांगांवरून सुमारे 17 हजार ल्यांगांवर गेला होता. नोकराला कंपनीचे भाग देण्याची पद्धत आज आधुनिक म्हणून सांगितली जाते. मातीच्या भिंतींच्या या तालुक्यांनी ती आधीच रुजवली होती.

या झगमगाटाच्या मधोमध एक काळे पान आहे.

1876 ते 1879 या काळात उत्तर चीनमध्ये पाऊस पडलाच नाही म्हणावे असा दुष्काळ पडला आणि त्यात 90 लाख ते 1 कोटी 30 लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. सर्वांत मोठा घाला शान्शीवर पडला. देशाचा पैसा जिथून फिरत होता, त्याच प्रांतात लोक झाडांच्या साली खात होते. मदतीची चांदी पियाओहाओंच्या हुंड्यांनी आली. गव्हर्नर झंग क्वोछ्वान यांनी व्यापाऱ्यांकडून वर्गण्या उभ्या केल्या. टिमथी रिचर्ड हा वेल्श मिशनरी गावोगाव फिरून मदत वाटत होता. पण धान्य कुठे होते? ते त्यान्जिनच्या बंदरात पडून होते. तिथून शान्शीत यायला ताय्हांग डोंगररांगेतला कूक्वान घाट चढावा लागे. त्या अरुंद वाटेवर गाढवे, खेचरे आणि उंट एकमेकांना अडकत आणि ओझ्यासकट कोसळत. कित्येक जनावरे मेली, कित्येक भुकेल्यांनी कापून खाल्ली. चांदी जागची न हलवता पोचवण्याची विद्या शान्शीने सिद्ध केली होती. ज्वारी-बाजरी तशी पोचवता येत नव्हती. ही डोंगररांग ओलांडून तायय्वानला रेल्वे पोचली ती 1907 साली.

हाच तो काळ, जेव्हा दख्खनही जळत होता. 1876 ते 1878 या वर्षांत नगर, सोलापूर, पुणे, सातारा भागांत पाऊस फसला. प्रशांत महासागरातल्या त्याच बलाढ्य एल निनोने दोन्हीकडचे ढग परतवले होते. तुलना करताना हृदय पिळवटते. महाराष्ट्रात लोहमार्ग तोवर येऊन पोचला होता. धान्य हलू शकत होते, पण मजुरांच्या हाती ते घ्यायला पैसा नव्हता आणि सरकारला बाजारात हात घालायचा नव्हता. शान्शीत पैसा पोचत होता, वाट नव्हती. दुष्काळ केवळ आभाळातून पडत नाही, हे या दोन प्रदेशांचे इतिहास शेजारी ठेवले की कळते. पर्यावरणाचा कारभार म्हणजे शेवटी कोणती गोष्ट कुठल्या रस्त्याने पोचू द्यायची, याचे निर्णय असतात.

पियाओहाओ यातून तरल्या, पण तोवर त्यांचा मुख्य गिऱ्हाईक बदलला होता. सुरुवात थायफिंग बंडापासून झाली. 1851 ते 1864 या काळात दक्षिण आणि मध्य चीन पेटलेला असताना प्रांतांनी पेकिंगला पाठवायची कराची चांदी रस्त्यावर आणणे अशक्य झाले. तेव्हा 1862 पासून दरबाराने ही रक्कम हुंडीने पाठवायला मोकळीक दिली. पुढे महसूल मंत्रालय कधी बंदी घाले, कधी डोळेझाक करी. पण प्रांताधिकाऱ्यांना सवय लागली ती लागली. अधिकारी आपली खासगी पुंजीही पियाओहाओंतच ठेवू लागले, कारण तिथे तोंड बंद ठेवले जाई आणि व्याज कमी असले तरी ठेव सुरक्षित असे. पद विकत घ्यायचे असेल, तर त्यासाठीची रक्कमही पेढीच पुढे करी. व्यापाऱ्यांची पेढी हळूहळू सरकारची तिजोरी झाली.

1900 साली बॉक्सर उठावानंतर परकीय फौजा पेकिंगमध्ये शिरल्या आणि राजमाता त्सशी सम्राटाला घेऊन पश्चिमेकडे पळाली. वाटेत छी तालुक्यात दादेतोंगने तिची बडदास्त ठेवली आणि दरबाराला पैसा पुरवला, असे सांगतात. पेकिंगमधून पळून आलेले श्रीमंत लोक शान्शीत आपल्या पासबुकांसह उभे राहिले आणि पेढ्यांनी पेकिंगच्या शाखा लुटल्या गेल्या असतानाही त्यांची चांदी चुकती केली. यामुळे त्यांची पत आभाळाला भिडली. 1901च्या तहात चीनवर 45 कोटी ल्यांगांची नुकसानभरपाई लादली गेली, 39 वर्षांत, 4 टक्के व्याजाने. प्रांताप्रांतांतून तिचे हप्ते शांघायला पोचवायचे काम पुष्कळसे याच पेढ्यांकडे आले. तिथे ती चांदी परदेशी बँकांच्या हाती जाई. त्यांत आघाडीवर होती ती 1865 साली हाँगकाँगमध्ये स्थापन झालेली हाँगकाँग अँड शांघाय बँक. तिच्या संस्थापक समितीत मुंबईशी नाते असलेले पारशी व्यापारीही होते. पियाओहाओंचे नफे याच वर्षांत शिगेला पोचले. देशाच्या मानहानीतून आलेला हा नफा होता, आणि दादेतोंगच्या 1908च्या आकड्यांकडे पाहताना हे विसरता येत नाही.

त्याच वर्षांत सगळे हातातून निसटू लागले होते. 1897 साली शांघायला पहिली चिनी आधुनिक बँक निघाली. 1905 साली महसूल मंत्रालयाने स्वतःची बँक काढली. तिच्यात भांडवल घाला, माणसे द्या, असे आमंत्रण शान्शीच्या पेढ्यांना आले होते. पिंगयाओच्या मुख्य मुनिमांनी ते नाकारले. शाखांवरची माणसे मात्र वारा ओळखत होती. वेइफंगहौ पेढीच्या पेकिंग शाखेचे मुनीम ली होंगलिंग यांनी 1908 साली आग्रह धरला, की सगळ्या पेढ्यांनी थोडे थोडे भांडवल काढून मर्यादित जबाबदारीची एक आधुनिक बँक उभी करावी. वेइतायहौच्या मुख्य मुनिमांनी पिंगयाओत बसून ते फेटाळले. ली आपल्या स्वार्थासाठी हे करत आहेत, असा आरोपही केला. ली यांनी पुढे ही सगळी पत्रे पुस्तकरूपाने छापली आणि 1917 साली पियाओहाओंच्या उदय-अस्तावर आणखी एक पुस्तक लिहिले.

या नकाराचे खापर एका माणसावर फोडणे सोपे आहे, आणि बरेच लेखक ते फोडतात. ते पटत नाही. दुखणे रचनेतच होते. पियाओहाओ तारण घेत नसत. कर्ज द्यायचे ते माणसाची पत पाहून. गाववाल्यांशी आणि चहाच्या व्यापाऱ्यांशी ते चालले. प्रांताधिकाऱ्याला दिलेले कर्ज त्याच्या खुर्चीवर अवलंबून होते आणि खुर्ची राजवटीवर. मालकांची जबाबदारी अमर्याद, त्यामुळे पेढी बुडाली की घरदार, शेत, दागिने सगळे जाणार. राजवट टिकली तोवर हे दोन्ही दोष झाकलेले राहिले.

10 ऑक्टोबर 1911 रोजी वूछांगला बंड झाले आणि झाकण उडाले. हानखौ जळाले. छंगतूत सैनिकांनी पेढ्या लुटल्या. फेब्रुवारी 1912च्या अखेरीस पेकिंगमध्ये आणि पाठोपाठ त्यान्जिनमध्ये शिपायांनी बाजार धुऊन नेले. ठेवीदार रांगा लावून उभे राहिले, आणि ज्यांना कर्जे दिली होती ते अधिकारी पसार झाले किंवा कंगाल झाले. रिशेंगछांगने 1914 साली दार लावले. छी तालुक्यातल्या हशंगय्वान पेढीला ती जामीन राहिली होती, आणि हशंगय्वान बुडताच धनको जामीनदाराच्या दारात आले. हीच ती हशंगय्वान, जिने 1907 साली जपानमध्ये कोबेला शाखा उघडून समुद्र ओलांडला होता. जामिनाच्या ज्या साखळीने नव्वद वर्षे विश्वास टिकवला, तिनेच एकामागून एक पेढ्या खाली ओढल्या.

दादेतोंग त्यानंतरही काही दशके तगली, लहान होत होत. 1930 साली प्रांताचा सेनाधिपती यान शीशान युद्ध हरला आणि त्याच्या नोटा कवडीमोल झाल्या. त्या घसरलेल्या नोटांतच ठेवी परत केल्या असत्या, तर पेढीला कुणी दोष दिला नसता. छ्याओ घराण्याने स्वतःची चांदी ओतून ठेवीदारांना पुरे पैसे दिले, असे छी तालुक्यात अभिमानाने सांगतात.

पुढची पिढी पियाओहाओंना जवळजवळ विसरून गेली. 1937 साली येन्चिंग विद्यापीठाच्या छन छीथ्येन यांनी त्यांच्यावर पहिला सांगोपांग ग्रंथ लिहिला, तेव्हा जुने मुनीम अजून हयात होते. पण पिंगयाओच्या पश्चिम पेठेला सामान्य चिनी वाचकाच्या मनात पुन्हा जागा मिळाली ती साहित्यामुळे. 1993 साली यू छ्यूयू यांनी ‘शौह्वो’ द्वैमासिकात एक निबंध लिहिला. शान्शी म्हणजे दरिद्री, कोळशाने काळवंडलेला प्रांत असे आपण इतकी वर्षे मानत आलो याची लाज वाटते, असा त्याचा सूर होता. त्याच्या दोन वर्षे आधी झांग यीमौच्या ‘रेझ द रेड लँटर्न’ या चित्रपटाने छ्याओ घराण्याचा वाडा जगाला दाखवला होता, मात्र सावकारांचा वाडा म्हणून नव्हे. 1995 साली रिशेंगछांगच्या इमारतीत संग्रहालय उघडले आणि 1997 साली पिंगयाओ जागतिक वारसा यादीत गेले. पर्यटकांची रीघ लागली, दंतकथा अधिक गोड झाल्या.

संशोधकांचे खरे धन मात्र कपाटांत आहे. प्रत्येक शाखा काही दिवसांआड मुख्य पेढीला क्रमांक घातलेले पत्र पाठवी आणि त्याची नक्कल ठेवी. कोणाला किती दिले आणि कोणाकडून यायचे, हे पत्राच्या सुरुवातीला. पुढे त्या शहरातला चांदीचा भाव, महिन्याच्या व्याजाचा दर, पाऊस झाला की नाही, पीक कसे आहे, रस्ते खुले आहेत का, सैन्य कुठे हलले. 1990 साली शान्शीतल्या बँक-कर्मचाऱ्यांनी आणि वित्त-विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मिळून या कागदांचा जाडजूड संग्रह प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून त्यांचे वाचन थांबलेले नाही. कुणी त्यातून शहराशहरांतल्या व्याजदरांची मांडणी करतो, कुणी दुष्काळाच्या वर्षांतले पावसाचे उल्लेख वेचतो, कुणी हस्ताक्षरे ताडून कोणता लेखनिक कोणत्या वर्षी कुठल्या शाखेवर होता हे शोधतो.